हरवलेली सूची : लिनक्स संगणकाच्या डिस्कवरील नाहीसा झालेला विभाग कसा शोधतात

१. ग्रंथ आणि सूची

तंजावर येथील सरस्वती महाल ग्रंथालयाचे नाव मराठी वाचकांस अपरिचित नाही. नायक राजांच्या काळी आरंभ झालेला हा संग्रह पुढे भोसले राजांनी जोपासला. आणि १७९८ ते १८३२ ह्या काळात गादीवर असलेले दुसरे सरफोजी राजे ह्यांनी तो विशेष वाढविला. संस्कृत, तामिळ, तेलुगू आणि मराठी ह्या भाषांतील ताडपत्रे व कागदी पोथ्या येथे आहेत; मोडी लिपीतील दप्तराचे रुमाल आहेत. १९१८ साली हे ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले.

एवढ्या मोठ्या संग्रहात हवी ती पोथी काढावयाची, तर सूची पाहिजे. तंजावर येथे न्यायाधीश असलेले आर्थर कोक बर्नेल ह्यांनी राजवाड्यातील संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची १८८० मध्ये प्रसिद्ध केली; आणि १९२८ पासून पी. पी. एस. शास्त्री ह्यांनी वर्णनात्मक सूचीचे अनेक खंड सिद्ध केले. ही सूची म्हणजे ग्रंथ नव्हेत. कोणता ग्रंथ कोठे आहे, एवढेच ती सांगते.

आता अशी कल्पना करू या की, एके दिवशी अशा एखाद्या ग्रंथालयाची सूची नाहीशी झाली. द्वारपाल दोन मार्गांपैकी एक पत्करू शकतो. ‘सूचीत काही नाही, म्हणजे कपाटे रिकामी आहेत’ असे समजून तो त्यांत नवे सामान भरू लागेल. किंवा दार लावून घेऊन, एकेक पोथी उघडून, तिच्या आरंभीच्या व शेवटच्या खुणांवरून सूची पुन्हा तयार करील. पहिल्या मार्गाने ग्रंथ खरोखरच जातात. दुसऱ्या मार्गाने ते बहुधा परत मिळतात.

संगणकाच्या डिस्कवरील एखादा विभाग हरवतो, तेव्हा नेमका हाच प्रसंग उभा राहतो. तो कसा ओढवतो आणि त्यातून सुटका कशी होते, हे ह्या पुस्तिकेत पाहावयाचे आहे.

२. डिस्कवरील जागेची मोजणी

संगणकातील डिस्क म्हणजे एकसारख्या लहान खणांची एक लांबच लांब रांग आहे, असे समजावे. ह्या खणास ‘सेक्टर’ म्हणतात. एका सेक्टरात परंपरेने ५१२ बाइट मावतात. एक बाइट म्हणजे स्थूलमानाने रोमन लिपीतील एक अक्षर. बाजारात ‘५०० जीबी’ म्हणून मिळणाऱ्या सर्वसामान्य डिस्कवर असे ९७,६७,७३,१६८ सेक्टर असतात. त्यांस ० पासून क्रमांक दिलेले असतात.

ही रांग सलग असली, तरी बहुधा ती एकाच कामासाठी वापरीत नाहीत. एका भागात संगणकाची कार्यप्रणाली ठेवतात, दुसऱ्यात आपले लेखन व छायाचित्रे ठेवतात. कित्येकदा एकाच यंत्रावर दोन निरनिराळ्या प्रणालीही नांदतात. तामिळनाडू राज्याने २०११ मध्ये विद्यार्थ्यांना लॅपटॉप देण्याची योजना सुरू केली. त्यांपैकी अनेक यंत्रांवर विंडोज ही प्रणाली आणि सी-डॅक ह्या भारतीय संस्थेने लिनक्सच्या आधारे तयार केलेली ‘बॉस’ ही प्रणाली, अशा दोन्ही शेजारीशेजारी होत्या. अशा प्रत्येक स्वतंत्र भागास ‘पार्टिशन’ म्हणजे विभाग असे म्हणतात.

हे विभाग पाडताना डिस्कवर प्रत्यक्ष भिंत घातली जात नाही. कोणता विभाग कोणत्या सेक्टरापासून सुरू होतो आणि किती लांब आहे, ह्याची नोंद एका छोट्या कोष्टकात केली जाते, एवढेच. हे कोष्टक हीच डिस्कची सूची होय.

३. कोष्टकाचे दोन प्रकार

जुन्या पद्धतीचे कोष्टक १९८३ मध्ये आयबीएमच्या वैयक्तिक संगणकांबरोबर प्रचारात आले. ते डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरात राहते. त्या सेक्टराच्या ५१२ बाइटांपैकी पहिले ४४६ यंत्र सुरू करण्याच्या आज्ञांसाठी असतात. पुढील ६४ बाइटांत प्रत्येकी १६ बाइटांच्या चार ओळी असतात. आणि अखेरच्या दोन बाइटांत ८५ व १७० ह्या संख्या खूण म्हणून लिहिलेल्या असतात. म्हणजे पन्नास हजार कोटी बाइटांच्या डिस्कची सूची अवघ्या ६४ बाइटांत मावते! तिची दुसरी प्रत कोठेही नसते.

ह्या कोष्टकात सेक्टराचा क्रमांक लिहिण्यास केवळ चार बाइट असल्यामुळे, सुमारे २.२ लाख कोटी बाइटांहून मोठी डिस्क त्यास पुरी मोजता येत नाही. म्हणून ‘जीपीटी’ नावाची नवी पद्धत आली. तीत साधारणतः १२८ विभागांची नोंद करता येते, नोंदी बिघडल्या आहेत की नाहीत हे पडताळण्यासाठी बेरजेसारखी एक संख्या जोडलेली असते, आणि मुख्य म्हणजे संपूर्ण कोष्टकाची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. आरंभीची प्रत बिघडली, तर शेवटच्या प्रतीवरून ती पुन्हा लिहिता येते.

परंतु ह्या दुसऱ्या प्रतीवर फाजील विश्वास ठेवू नये. वापरणाऱ्याने स्वतःच चुकून एखादा विभाग पुसण्याची आज्ञा दिली, तर प्रामाणिक कारकुनाप्रमाणे संगणक ती नोंद दोन्ही प्रतींतून काढून टाकतो.

४. विभाग हरवतो म्हणजे काय होते?

समजा, तंजावरच्या एखाद्या अभ्यासकाने परवानगी घेऊन मोडी कागदांची शेकडो छायाचित्रे घेतली आणि ती आपल्या लॅपटॉपवरील एका विभागात ठेवली. पुढे नवी प्रणाली बसविताना पडद्यावर विभागांची यादी आली. त्याने चुकीच्या ओळीवर बोट ठेवले आणि ‘पुसा’ म्हटले. क्षणार्धात तो विभाग नाहीसा झाला आणि त्या ठिकाणी ‘रिकामी जागा’ असे शब्द दिसू लागले. दोन वर्षांचे श्रम गेले, असेच त्यास वाटणार.

येथे थोडे गणित करून पाहावे. फिरत्या तबकडीची डिस्क दर सेकंदास सुमारे दहा कोटी बाइट लिहू शकते, असे धरू. त्या वेगाने ५०० जीबींची सर्व जागा खरोखर पुसावयाची, तर ५,००० सेकंद म्हणजे जवळजवळ ८३ मिनिटे लागतील. येथे तर एक सेकंदही लागला नाही. ह्यावरून उघड होते की, छायाचित्रे पुसली गेलेली नाहीत. कोष्टकातील एक ओळ तेवढी पुसली गेली आहे. ‘रिकामी जागा’ हे शब्द कपाटाकडे पाहून लिहिलेले नसून सूचीकडे पाहून लिहिलेले आहेत.

मात्र धोका येथूनच सुरू होतो. कोष्टकात नोंद नसल्यामुळे ती जागा संगणकाच्या दृष्टीने कोणाच्याही मालकीची नाही. आता नवी प्रणाली तेथे बसविली, तर ती छायाचित्रांवरच आपला मजकूर लिहील, आणि एकदा तसे झाले म्हणजे खालचा मजकूर परत येत नाही. तेव्हा ह्या प्रसंगी पहिला नियम एकच : डिस्कवर काहीही लिहू नये.

५. खुणांवरून शोध

मोडी दप्तराचा रुमाल सोडून बसलेला जाणकार, सूची नसतानाही, एक कागद कोठे संपला व दुसरा कोठे सुरू झाला हे ओळखतो. आरंभी श्रीकार असतो, त्यानंतर कालाचा उल्लेख येतो. राजपत्र असेल तर माथ्यावर मुद्रा आणि अखेरीस मोर्तब असते. ताडपत्रीच्या पोथीत शेवटी पुष्पिका असते. तीत ग्रंथाचे व कित्येकदा लेखकाचेही नाव मिळते. ग्रंथ स्वतःच आपली ओळख सांगतो.

डिस्कवरील विभागही असाच आहे. लिनक्समध्ये विभागाच्या आत फाइलींची मांडणी करण्याची जी पद्धत सर्वत्र रूढ आहे, तिचे नाव ‘एक्स्ट-४’ असे असून २००८ च्या अखेरीपासून ती सर्वसामान्य वापरासाठी मान्य झाली. ह्या पद्धतीत विभागाच्या आरंभापासून १,०२४ बाइट सोडून ‘सुपरब्लॉक’ नावाची नोंद असते. तीत ५६ बाइट सोडले की ८३ आणि २३९ ह्या दोन संख्या नेहमी ओळीने येतात. हाच ह्या विभागाचा श्रीकार होय. त्याच नोंदीत एका ब्लॉकाचा आकार, एकूण ब्लॉकांची संख्या आणि विभागास दिलेले नाव हेही असते.

आता शोधाची रीत उदाहरणाने पाहू. समजा, डिस्क पहिल्यापासून तपासत गेल्यावर ही खूण २,०५० क्रमांकाच्या सेक्टरात सापडली. सुपरब्लॉक आरंभापासून १,०२४ बाइट, म्हणजे दोन सेक्टर पुढे असतो. म्हणून विभागाचा आरंभ २,०४८ व्या सेक्टरावर असला पाहिजे. (आजकाल पहिला विभाग बहुधा येथूनच सुरू करतात, म्हणजे उत्तर संभवनीय आहे.) त्या नोंदीत ब्लॉकाचा आकार ४,०९६ बाइट आणि ब्लॉकांची संख्या २,५६,००,००० अशी दिली आहे, असे धरू. एका ब्लॉकात आठ सेक्टर मावतात. म्हणून विभागाची लांबी २०,४८,००,००० सेक्टर झाली आणि त्याचा अखेरचा सेक्टर २०,४८,०२,०४७ हा ठरला. आरंभ कळला, लांबी कळली. कोष्टकातील हरवलेली ओळ पुन्हा लिहिण्यास आणखी फारसे काही लागत नाही.

सुपरब्लॉकच नष्ट झाला असेल तर? ही मांडणी योजणाऱ्यांनी तोही विचार केलेला आहे. विभागाचे अनेक गट पाडलेले असतात आणि पहिल्या, तसेच तीन, पाच व सात ह्यांच्या घातांनी दर्शविलेल्या गटांत, म्हणजे ३, ५, ७, ९, २५ इत्यादी क्रमांकांच्या गटांत, सुपरब्लॉकाची प्रत ठेवण्याची पद्धत आहे. ४,०९६ बाइटांचा ब्लॉक असेल तर पहिली प्रत ३२,७६८ व्या ब्लॉकावर, म्हणजे आरंभापासून २,६२,१४४ सेक्टर पुढे मिळते. आपण कितव्या गटातील प्रत आहोत, हेही ती प्रत स्वतः सांगते. त्यामुळे तेवढे अंतर मागे मोजले की आरंभ सापडतो. विंडोजच्या ‘एनटीएफएस’ मांडणीतही आरंभीच्या सेक्टराची एक प्रत विभागाच्या शेवटी असते.

६. प्रत्यक्ष कार्याचा क्रम

पहिली गोष्ट. संगणक अजून चालूच असेल, तर तो बंद करण्यापूर्वी एक काम करावे. कोष्टक बिघडले तरी लिनक्सच्या स्मरणात जुने विभाग बहुधा यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत टिकतात. लिनक्समधील ‘सिस’ ह्या आभासी निर्देशिकेत प्रत्येक विभागाचा आरंभ व आकार ‘स्टार्ट’ आणि ‘साइझ’ ह्या नावांनी दाखविलेला असतो. हे आकडे तेथे दिसत असतील, तर कागदावर उतरून घ्यावेत. पुढचा सर्व शोध ह्या चिठ्ठीमुळे वाचू शकतो.

दुसरी गोष्ट. त्यानंतर संगणक बंद करावा आणि पुढील काम पेन ड्राइव्हवरून सुरू होणाऱ्या लिनक्सवर करावे. म्हणजे मूळ डिस्कवर प्रणालीकडून नकळत लिहिले जाणार नाही. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर मात्र दोष कोष्टकाचा नसून यंत्राचा आहे. अशा वेळी ती डिस्क पुन्हा चालू न करता जाणकार तंत्रज्ञाकडे न्यावी.

तिसरी गोष्ट. तितक्याच किंवा अधिक मोठ्या दुसऱ्या डिस्कवर मूळ डिस्कची सेक्टरागणिक प्रत घ्यावी आणि प्रयोग त्या प्रतीवर करावेत. ‘डीडीरेस्क्यू’ हा विनामूल्य कार्यक्रम ह्यासाठी चांगला आहे. तो सहज वाचता येणारे भाग प्रथम उचलतो आणि अवघड भागांकडे नंतर वळतो. काय वाचून झाले ह्याची नोंदही ठेवतो, त्यामुळे काम मध्येच थांबले तरी पुढे चालू करता येते. प्रत घेण्याची दिशा दोनदा तपासावी. मूळ व प्रत ह्यांची अदलाबदल झाली, तर कोरी डिस्क मूळ डिस्कवर लिहिली जाईल.

चौथी गोष्ट. खुणा शोधण्याचे काम हाताने करावे लागत नाही. क्रिस्तोफ ग्रेनिए ह्यांनी लिहिलेला ‘टेस्टडिस्क’ हा विनामूल्य कार्यक्रम ते करतो. तो प्रथम संभवनीय ठिकाणी आणि नंतर, सांगितल्यास, संपूर्ण डिस्कवर खुणा पाहतो व सापडलेल्या विभागांची यादी मांडतो.

पाचवी गोष्ट, आणि ही फार महत्त्वाची. सापडलेला प्रत्येक विभाग खरा असतोच असे नाही. पूर्वी कधी तरी पुसलेल्या विभागाच्या खुणा तशाच पडून राहिलेल्या असतात. दुसऱ्या डिस्कची प्रत एखाद्या फाइलीत साठविलेली असेल, तर तीतील खूणही सापडते. दोन विभाग एकमेकांवर चढत असतील, तर त्यांपैकी निदान एक तरी आजचा नाही. म्हणून कोष्टक लिहिण्यापूर्वी त्या विभागातील फाइलींची यादी उघडून पाहावी. आपल्या निर्देशिकांची नावे ओळखीची दिसली, एखाद-दुसरी फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवून नीट उघडली, म्हणजेच उत्तर बरोबर समजावे. शक्य असेल तर सर्व फाइली आधी दुसरीकडे उतरवाव्यात आणि कोष्टक मागाहून लिहावे.

७. उपायाच्या मर्यादा

हा उपाय सर्वत्र चालतो असे म्हणणे खोटे ठरेल.

जागेवर नवा मजकूर लिहिला गेला असेल, तर तेवढा भाग कायमचा गेला. जो भाग शिल्लक असेल, त्यातील फाइली त्यांच्या स्वतःच्या खुणांवरून वेचता येतात; उदाहरणार्थ, जेपेग प्रकारचे छायाचित्र नेहमी २५५ व २१६ ह्या बाइटांनी सुरू होते. ‘टेस्टडिस्क’चा सोबती ‘फोटोरेक’ हे काम करतो. परंतु अशा रीतीने मिळालेल्या फाइलींना पूर्वीची नावे नसतात आणि निर्देशिकांची रचनाही राहत नाही. दोरी तुटून विखुरलेल्या ताडपत्रांप्रमाणे त्या एकेक वाचून लावाव्या लागतात.

फिरत्या तबकडीऐवजी अर्धवाहक स्मृती वापरणाऱ्या ‘एसएसडी’ डिस्कची गोष्ट वेगळी आहे. ‘ही जागा आता नको आहे’ असे प्रणालीने कळविल्यावर ही डिस्क ती जागा आपण होऊन स्वच्छ करते. लिनक्समध्ये एक्स्ट-४ विभाग नव्याने आखताना अशी सूचना सहसा आपोआपच दिली जाते. नुसती कोष्टकातील ओळ गेली असेल तर आशा आहे. नवी आखणी झाली असेल, तर ती फार थोडी राहते.

तसेच, विभाग सांकेतिक लिपीत बंद केलेला असेल आणि किल्ली जपणारा त्याचा आरंभीचा भाग लिहिला गेला असेल, तर परवलीचा शब्द पाठ असूनही आत जाता येत नाही. अशा विभागाच्या आरंभीच्या भागाची प्रत आधीच काढून ठेवणे, हाच एक मार्ग आहे.

८. पूर्वतयारी

लिनक्समध्ये ‘एसएफडिस्क’ नावाची आज्ञा आहे. ती संपूर्ण कोष्टक साध्या मजकुराच्या काही ओळींत लिहून देते. त्या ओळी कागदावर छापून शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या नोंदवहीत चिकटवाव्यात. पुन्हा वापरता यावी म्हणून तिची फाइल पेन ड्राइव्हवरही ठेवावी. विभाग हरवल्यास तेच कोष्टक परत लिहिता येते आणि तासांचे काम मिनिटांत होते. विभागांत फेरफार केला की ही नोंदही नवी करावी. जुने कोष्टक नव्या डिस्कवर लिहिणे घातक आहे.

परंतु कोष्टकाची प्रत म्हणजे मजकुराची प्रत नव्हे. ज्या डिस्कवर मूळ आहे, तिच्याच दुसऱ्या विभागात ठेवलेली प्रतही खरी प्रत नव्हे. कारण डिस्क गेली की दोन्ही जातात. प्रत वेगळ्या वस्तूवर आणि वेगळ्या जागी असावी. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात आजही एक मोठा मराठी शिलालेख उभा आहे. सरफोजी राजांनी भोसले घराण्याचा इतिहास तेथील दगडी भिंतीवर १८०३ मध्ये कोरविला. राजवाड्याच्या कागदपत्रांवर कसलाही प्रसंग आला असता, तरी हा मजकूर त्यांपासून अलग, दुसऱ्या ठिकाणी आणि दुसऱ्या द्रव्यावर सुरक्षित होता. १८५५ मध्ये तंजावरचे राज्य संपले. मजकूर मात्र अद्याप वाचता येतो.

सारांश इतकाच की, नाहीसे होणे आणि नष्ट होणे ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. सूची हरवली, तर ग्रंथ अजून जागेवर असतात. ते टिकणे वा न टिकणे पुढल्या काही मिनिटांतील आपल्या वागण्यावर अवलंबून असते. म्हणून अशा वेळी प्रथम हात थांबवावा, जे दिसते ते कागदावर टिपावे, प्रत घ्यावी, आणि मगच शोधास आरंभ करावा.